सडपातळ देह आणि वाढती साखर

‘अंगावर मांस नाही, गोडाची फारशी आवड नाही, मग मला साखर कशी?’ यवतमाळ, पुसद वा वणी येथील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ बसले तर हा प्रश्न कानावर पडल्यावाचून राहत नाही. विचारणारा बहुधा पंचेचाळिशी-पन्नाशीतला शिक्षक, बँकेतील कर्मचारी किंवा दुकानदार असतो. उंची साडेपाच फूट, वजन पंचावन्न किलो. विमा उतरवताना किंवा एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी सहज म्हणून रक्त तपासले जाते आणि उपाशीपोटी ११२, जेवणानंतर १६८ असे आकडे समोर येतात. घरची मंडळी आधी प्रयोगशाळेची चूक म्हणून अहवाल बाजूला ठेवतात. मग कोणी भात सोडायला सांगतो, कोणी रात्रीचे जेवण. दोन महिन्यांत चार किलो वजन उतरते, गाल बसतात, पट्ट्याला नवे छिद्र पाडावे लागते. साखर मात्र होती तिथेच राहते.

मधुमेह हा लठ्ठ आणि सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. परिणामी सडपातळ माणूस तपासणीला उशिरा जातो आणि निदान झाल्यावर लठ्ठ माणसासाठी छापलेला सल्ला पाळू लागतो. ‘वजन उतरवा’ हे त्या सल्ल्याचे पहिले वाक्य असते. ज्याच्या शरीरात उतरवण्याजोगे काही नाही, त्याने ते पाळले तर चरबीपेक्षा स्नायूच अधिक झिजतात. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, साखरेविरुद्धच्या लढाईत स्नायू हेच त्याचे मुख्य शस्त्र असते.

आकड्यांचा अर्थ

मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे रक्तातील साखर सर्वसाधारण मर्यादेच्या वर, पण मधुमेहाच्या मर्यादेखाली असणे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, यांपैकी काहीही आढळले तरी ही अवस्था धरली जाते. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची मर्यादा १०० ऐवजी ११० मानते. त्यामुळे एकच अहवाल पाहून दोन डॉक्टरांनी वेगवेगळे मत दिले तर त्यात कोणाची चूक असतेच असे नाही. १२६, २०० आणि ६.५ हे आकडे ओलांडले की मधुमेह. लक्षणे नसतील तर हे निदान एकाच आकड्यावर केले जात नाही, तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ८.४ टक्क्यांना मधुमेह आणि १२.८ टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था आढळली होती. २०२३ मध्ये संपूर्ण देशाचे आकडे आले तेव्हा हे प्रमाण अनुक्रमे ११.४ आणि १५.३ टक्के होते. म्हणजे सुमारे १० कोटी मधुमेही आणि त्यांच्या मागे रांगेत १३ कोटींहून अधिक माणसे. एवढी माणसे केवळ लठ्ठपणामुळे या रांगेत आलेली नाहीत, हे आपल्या गावातील ओळखीचे चेहरे आठवले तरी पटते.

पुण्याजवळची सहा गावे

या कोड्याचे उत्तर शोधण्याचे सर्वांत चिकाटीचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील तरुण विवाहित स्त्रियांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. शेतीची कामे करणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. त्यांच्या पोटी जन्मलेल्या बाळांचे मोजमाप इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी ताडून पाहिले गेले. इंग्रज बाळ सरासरी ३.५ किलोचे, आपले २.७ किलोचे. इथवर नवल नव्हते. नवल पुढेच होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळांइतकीच होती. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे या बाळांचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत जाऊन बसले.

पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक, २२.३. कपड्यांत दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के भरली, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एका छायाचित्राने जे सांगितले ते दहा तक्त्यांनी सांगितले नसते.

त्या सहा गावांतील मुले मोठी होत गेली आणि संशोधक त्यांच्या मागोमाग राहिले. वयाच्या अठराव्या वर्षी ६१९ तरुण-तरुणींची ग्लुकोज पाजून तपासणी झाली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर होती. मधुमेह असा एकालाच. बाकी सारे मधुमेहपूर्व अवस्थेत. यांपैकी ४८ टक्के तरुणांचे वजन सर्वसाधारण तर सोडाच, कमी वजनाच्या व्याख्येत बसणारे, म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली होते. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणीही बरोबरीच्या मुलांपेक्षा किंचित अधिकच होती आणि त्यांच्या स्वादुपिंडाला गरजेप्रमाणे इन्सुलिन वाढवणे जमत नव्हते. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे तरुण खेड्यातले होते, लहानपणी शेताच्या बांधावर खेळलेले होते. यवतमाळ जिल्ह्यातील गावे आणि ही गावे यांत पीकपाण्याचा फरक असेल. घरातल्या आईच्या वजनाचा आणि ताटाचा फारसा नाही.

सडपातळ माणसाने यातून स्वतःपुरते एवढे घ्यावे की त्याच्या साखरेचे मूळ दुहेरी असू शकते. एकीकडे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची शिल्लक जन्मापासूनच बेताची, आणि दुसरीकडे साखर साठवणारे स्नायू थोडे. खाण्यापिण्यातील बेशिस्त हे यातले तिसरे कारण, पहिले नव्हे. त्यामुळे ‘तुम्हीच काहीतरी खात असाल’ हा घरच्यांचा आरोप बऱ्याच वेळा अन्यायाचा असतो.

लहान गोदाम

जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर इन्सुलिनच्या साहाय्याने प्रामुख्याने स्नायूंत आणि यकृतात जाते. कापसाच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजावणे सोपे आहे. हंगामात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी येतात. आतले गोदाम मोठे असेल तर गाड्या लगेच रिकाम्या होतात. लहान असेल तर रस्त्यावर रांग लागते. सडपातळ माणसाचे स्नायू हे लहान गोदाम आणि जेवणानंतर रक्तात तुंबलेली साखर ही बाहेरची रांग. चाळिशीनंतर गोदाम दर वर्षी थोडे थोडे आकसत जाते, कारण व्यायाम नसेल तर स्नायू कमी होतात. वजनकाट्याला याचा पत्ताही लागत नाही: एक किलो स्नायू गेला आणि एक किलो चरबी पोटावर आली, तर काट्यावरचा आकडा तोच राहतो. ‘कॉलेजात होतो तेवढेच वजन आजही आहे,’ असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थांनी एकदा जुनी पँट घालून पाहावी.

म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. लहान चणीच्या माणसाने आणखी एक कसोटी लावावी: घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५५ किलो आणि घेर ८६ सेंटिमीटर असा पुरुष घ्या. त्याचा बीएमआय २०, म्हणजे आदर्श. घेर ९० च्या आत, म्हणजे तेही ठीक. पण उंचीची निम्मी ८२.५ भरते, आणि तिथे तो पकडला जातो. हात-पाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी ही ठेवण आपल्या परिचयाची आहे. फीत शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून लावायची. पोट आत ओढून मोजण्यात आपली आपल्यालाच फसवणूक होते.

चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन यांनी २००५ मध्ये तयार केलेली भारतीय जोखीम गुणपद्धतीही घरबसल्या वापरता येते. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, पन्नाशी उलटल्यास ३०. बैठे काम आणि व्यायाम मुळीच नाही, ३० गुण. आई किंवा वडील मधुमेही, १० गुण. दोघेही असल्यास २०. कमरेच्या घेराला जास्तीत जास्त २० गुण. बेरीज ६० च्या पुढे गेली की जोखीम मोठी. आता वडील मधुमेही असलेला, दिवसभर गल्ल्यावर बसणारा ५२ वर्षांचा सडपातळ दुकानदार पाहा. घेराचे शून्य गुण मिळूनही त्याची बेरीज ७० होते.

तपासणी आणि सिकलसेल

उपाशीपोटीच्या एकाच तपासणीवर समाधान मानू नये. अनेकांची सकाळची साखर ठीक असते आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची चढलेली असते. काहींचे नेमके उलट असते. म्हणून शंका असेल तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची संपूर्ण चाचणी करावी. आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास काही न खाता सकाळी रक्त द्यायचे, ग्लुकोजचे पाणी पाच मिनिटांत प्यायचे, दोन तास चालणे-फिरणे आणि तंबाखू टाळून एका जागी बसायचे आणि पुन्हा रक्त द्यायचे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये एक तासानंतरचा आकडाही महत्त्वाचा ठरवला असून तो १५५ किंवा त्याहून अधिक असल्यास सावध व्हावे, असे म्हटले आहे. बोटातून थेंब घेणारे घरगुती यंत्र निदानासाठी नसते. त्यासाठी शिरेतील रक्तच हवे.

चाचणीआधी तीन-चार दिवस भात-पोळी सोडून ‘पास’ होण्याचा प्रयत्न करणारे पुष्कळ भेटतात. परीक्षेआधी पाठांतर करावे तसा हा प्रकार. दुर्दैवाने या परीक्षेत तो अंगाशी येतो. पिष्टमय पदार्थ एकाएकी सोडलेल्या शरीराला ग्लुकोजचा तो मोठा डोस झेपत नाही आणि आकडा उलट वाढून येतो. चाचणीपूर्वीचे तीन दिवस नेहमीचेच जेवावे.

एचबीए१सी या तपासणीविषयी मात्र यवतमाळकरांनी विशेष जागरूक राहावे. ही तपासणी उपाशी न राहता, दिवसात केव्हाही करता येते म्हणून लोकप्रिय आहे. तिचा आधार हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर हा असतो. हिमोग्लोबिनच वेगळ्या घडणीचे असेल, किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील, तर आकडा दिशाभूल करतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. गोंड, परधान आदी आदिवासी समाजांत आणि काही अनुसूचित जातींत ते विशेष आढळते. सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीत एचबीए१सी खोटेच कमी येते आणि त्यावर विसंबणे धोक्याचे असते. केवळ वाहक असलेल्यांत काही यंत्रे बरोबर आकडा देतात, काही देत नाहीत. उलटपक्षी लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असलेल्या स्त्रीचा आकडा आहे त्याहून अधिक दिसू शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर ही तपासणी काही महिने निरर्थकच. त्यामुळे घरात सिकलसेलचा इतिहास असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे आणि ग्लुकोजच्या चाचणीचा आग्रह धरावा. देशात १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्या निमित्ताने आपली तपासणी झाली असेल तर मिळालेले कार्ड साखरेच्या अहवालासोबतच ठेवणे उत्तम.

ताटात काय असावे

सडपातळ माणसाचा आहारविषयक नियम एका वाक्यात असा: एकूण अन्न कमी करू नये, त्याची घडण बदलावी. पिष्टमय पदार्थ थोडे घटवून त्या जागी प्रथिने आणि चांगली स्निग्ध द्रव्ये घालावीत, म्हणजे वजन टिकते आणि साखरही आवरते.

आपल्या ताटाची अडचण गोडापेक्षा प्रथिनांच्या तुटवड्यात आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या माणसाला सुमारे ४६ ग्रॅम. तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यात वरणातच ही गरज भागावी, अशी अपेक्षा रास्त आहे. पण पाहुणा आला की पाणी वाढवून पुरवलेल्या वरणात वाटीमागे डाळ किती असते, हे स्वयंपाकघराला विचारावे. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दिवसाला दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, मोड आलेली मटकी किंवा भिजवलेला हरभरा आणि चालत असल्यास एक-दोन अंडी, एवढे जमले तर भाकरी-पोळीतील प्रथिने धरून हिशेब पुरा होतो. झुणका हा या दृष्टीने अतिशय चांगला पदार्थ आहे. त्याला गरिबाचे कालवण म्हणून उगीच मागे बसवले गेले. जवसाची आणि तिळाची चटणी, अंबाडीची भाजी हीदेखील आपली जुनी आणि उपयुक्त शिदोरी.

ज्वारीच्या भाकरीविषयी दोन शब्द. मैदा किंवा पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ती निश्चित बरी. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही प्रामुख्याने पिष्टच असते. तीन भाकऱ्या आणि नाममात्र भाजी, यापेक्षा दीड-दोन भाकऱ्या, भरपूर भाजी आणि घट्ट वरण हे ताट साखरेला मानवते. भात आवडत असेल तर शेवटी, वाटीने मोजून घ्यावा. भाजी, कोशिंबीर आणि डाळ आधी खाल्ली तर त्याच जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त वाढण्याचा क्रम बदलावा लागतो.

खरी गळती चहात असते. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर होते, आणि ‘मी गोड खात नाही’ म्हणणारे गृहस्थ ती रोज पीत असतात. गुळाचा चहा घेऊन यातून सुटका होत नाही. सकाळच्या तर्री-पोह्यांवर रुसण्याचे कारण नाही, पण तेवढ्यावर भागवू नये; सोबत उकडलेले अंडे किंवा मोड आलेले कडधान्य असावे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा ही जोडी जवळपास निव्वळ पिष्टाची असते. मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसाने नवरात्राचे नऊ दिवस त्यावर काढणे शहाणपणाचे नाही. शेंगदाणे, दही, दूध आणि राजगिरा यांवर उपवास तेवढाच पवित्र राहतो.

बीडी-सिगारेटने मधुमेहाचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे. आपल्याकडचा खर्रा तोंडाच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध आहेच. त्यातील सुपारीचा संबंध कमरेचा घेर आणि साखर वाढण्याशी असल्याचेही काही देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

चालणे आणि जोर-बैठका

व्यायामाचा संबंध आपण वजन उतरवण्याशी जोडून ठेवला आहे, म्हणून सडपातळ माणूस त्यापासून स्वतःला मोकळा समजतो. संशोधन नेमके याच्या विरुद्ध बोलते. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतील ५७७ जणांवर अभ्यास सुरू झाला. सहा वर्षांत, काहीही विशेष न करणाऱ्या गटातील जवळपास ६८ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार किंवा व्यायाम सुधारणाऱ्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्के राहिले. आणि हा लाभ बीएमआय २५ च्या आतल्यांनाही लठ्ठांइतकाच झाला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला ५३१ भारतीयांवरील अभ्यास तर आपल्यासाठी अधिकच बोलका आहे. तीन वर्षांत नुसत्या देखरेखीखालील गटातील ५५ टक्के लोक मधुमेही झाले. चालणे आणि आहार सुधारलेल्या गटातील ३९ टक्के. या दुसऱ्या गटाचे वजन मात्र उतरले नव्हते. म्हणजे काटा हलला नाही तरी धोका हलला. फक्त उपाशीपोटीचीच साखर वाढलेल्यांमध्ये जीवनशैली बदलण्याचा लाभ तुलनेने कमी दिसतो. अशांनी डॉक्टरांच्या नियमित संपर्कात राहणे अधिक गरजेचे.

आठवड्याला दीडशे मिनिटे झपाट्याने चालणे ही किमान पायरी. प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली केली तर स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. यवतमाळचा उन्हाळा लक्षात घेता मार्च ते जूनमध्ये पहाटे साडेपाचची वेळ गाठावी, नाहीतर घराच्या ओसरीत फेऱ्या माराव्यात.

पण सडपातळांसाठी निम्मे काम चालण्याने होते, उरलेले निम्मे ताकदीच्या व्यायामाने. गोदाम वाढवायचे तर स्नायूंवर भार पडला पाहिजे. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला टेकून केलेले जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, इतक्यावर सुरुवात होते. दर पंधरवड्याला आवर्तने थोडी वाढवावीत, नाहीतर शरीर सरावते आणि वाढ थांबते. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या विदर्भाला जोर-बैठकांचे महत्त्व नव्याने सांगावे लागावे, हे जरा विचित्रच. चाळिशीपुढील, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीला डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि भार उचलताना श्वास कोंडून धरू नये.

‘आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हा आक्षेप पेरणी आणि वेचणीच्या दिवसांपुरता मान्य. उरलेल्या महिन्यांत मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि पारावरची बैठक यांचाही हिशेब धरावा लागतो.

वजन उतरवावे का?

याचे उत्तर सडपातळपणाच्या जातीवर अवलंबून आहे. हात-पाय बारीक पण पोट सुटलेले असेल, तर यकृतात चरबी साठलेली असण्याची शक्यता असते. पोटाच्या सोनोग्राफीत ती दिसते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात डॉ. रॉय टेलर यांच्या पथकाने बीएमआय २७ च्या आतील वीस मधुमेहींवर प्रयोग केला, तेव्हा वजन थोडेसेच उतरवूनही त्यांतील बहुतेकांची साखर औषधाविना आटोक्यात आली. अशा माणसाने दोन-तीन किलो सावकाश, ताकदीचा व्यायाम चालू ठेवून, घटवायला हरकत नाही. सर्वांगानेच कृश असलेल्याने मात्र वजन उतरवू नये. जमल्यास स्नायूंच्या रूपाने वाढवावे.

तिसरी जात धोक्याची. प्रयत्न न करता गेल्या काही महिन्यांत वजन घटले आहे, तहान आणि लघवी वाढली आहे, साखर झपाट्याने चढते आहे, अशा सडपातळ माणसाला ‘मधुमेहपूर्व’ म्हणून घरगुती उपायांवर ठेवणे चूक ठरेल. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिनच्या पेशी नष्ट करण्याचा प्रकार प्रौढपणीही होतो. स्वादुपिंडातील खड्यांमुळेही मधुमेह होतो. क्षयरोग तर आपल्या भागात नेहमीच मनात ठेवावा लागतो, कारण मधुमेह असलेल्याला तो होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट असते आणि वजन दोन्हींत घटते. दमा किंवा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडनेही साखर वाढते. अनोळखी ‘शक्तीच्या’ पुड्यांत ते मिसळलेले असू शकते. अशा वेळी सी-पेप्टाइड, प्रतिपिंडांची तपासणी आणि सोनोग्राफी यांतून निदान होते. बालपणीच्या कुपोषणाशी निगडित अशा मधुमेहाची स्वतंत्र नोंद जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये केली होती आणि १९९९ मध्ये वगळली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. अतिकृश तरुणांच्या उपचाराचा विचार त्यामुळे आता वेगळेपणाने होऊ लागला आहे.

औषध आणि पुढची तपासणी

मधुमेहपूर्व अवस्थेत मेटफॉर्मिन हे औषध काहींना दिले जाते. वर उल्लेखिलेल्या चेन्नईच्या अभ्यासात त्याच्या लहान मात्रेचा जीवनशैलीइतकाच उपयोग झाला, दोन्ही एकत्र दिल्याने जास्तीचा लाभ झाला नाही. सडपातळ रुग्णात ते देताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्याने भूक आणि वजन थोडे कमी होऊ शकते, आणि दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व घटते. शाकाहारी माणसात ते मुळातच बेताचे असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर हे औषध आणू नये.

शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब आरोग्य उपकेंद्रावर तपासला जातो. पुढील तपासण्यांसाठी ग्रामीण रुग्णालये आणि यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आई-वडिलांपैकी कोणी मधुमेही असेल तर तिशीची वाट न पाहता विशी-पंचविशीतच पहिली तपासणी करून घ्यावी, मग मुलगा किंवा मुलगी कितीही सडपातळ असो. मधुमेहपूर्व अवस्था ठरली की वर्षातून एकदा, आणि आकडे वरच्या मर्यादेजवळ असल्यास सहा महिन्यांनी, फेरतपासणी करावी. दर वेळी वजनासोबत कमरेचा घेरही वहीत टिपावा आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे.

गर्भवतीची साखर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासण्याची सूचना शासकीय मार्गदर्शिकेत आहे. दोन तासांनी १४० किंवा अधिक आल्यास गर्भारपणातील मधुमेह धरतात. पंचेचाळीस किलोच्या सुनेला ही तपासणी कशाला, असे म्हणून ती टाळली जाते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची चाचणी तर बहुतेक घरांत बाळाच्या बारशाच्या धांदलीत राहूनच जाते. पुण्याच्या त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्या मातांमध्ये गर्भारपणी ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. त्यामुळे गर्भवतीला लोह-फोलिकच्या गोळ्या जशा वेळेवर दिल्या जातात, तसेच तिच्या ताटात दूध, दही, अंडी आहेत की नाहीत हे सासूबाईंनी पाहावे, आणि ब-१२ ची तपासणी करून घ्यावी का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे.